उतरत्या सुराचा माग

सोमवार, ७ ऑक्टोबर १९५७. अमेरिकेतल्या मेरिलँड राज्यात जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाची उपयोजित भौतिकी प्रयोगशाळा आहे. तिच्या कँटीनमध्ये त्या दुपारी सगळ्या टेबलांवर एकच विषय होता. शुक्रवारी सोव्हिएत संघाने स्पुतनिक अवकाशात सोडला होता. ५८ सेंटिमीटर व्यासाचा, ८३ किलोंचा तो धातूचा गोळा दर ९६ मिनिटांनी पृथ्वीभोवती फेरी मारत होता आणि सतत ‘बीप-बीप’ करत होता. विल्यम गायर आणि जॉर्ज वायफनबाख हे दोन तरुण संशोधक बोलणी ऐकत होते. हळूहळू त्यांच्या लक्षात आले की चर्चा सगळे करताहेत, पण तो आवाज इथल्या कोणीही ऐकलेला नाही.

वायफनबाखकडे पीएच.डी.च्या कामासाठी घेतलेला एक चांगला रिसीव्हर होता. तो स्पुतनिकच्या पट्टीत, म्हणजे २० मेगाहर्ट्झच्या आसपास, लावता येत होता. दोघांनी त्याला तारेचा एक तुकडा अँटेना म्हणून जोडला आणि वाट पाहत बसले. प्रमाणवेळ सांगणारे अमेरिकी सरकारचे रेडिओ केंद्र जवळच होते आणि तेही नेमके २० मेगाहर्ट्झवरच बोलत असे. हे केंद्र आणि उपग्रह यांच्या लहरी रिसीव्हरमध्ये एकमेकींत मिसळल्या, की दोन्हींमधला फरक कानाला सुरासारखा ऐकू येई. त्या रात्री स्पुतनिक क्षितिजावर आला आणि सूर उमटला. गायरने घरचा टेपरेकॉर्डर आणून जोडला.

तो सूर एका जागी थांबत नव्हता. उपग्रह जवळ येताना तो उंच असे, डोक्यावरून जाताना झरझर उतरे आणि लांब गेल्यावर खालच्या पट्टीत स्थिरावे. रेल्वे फाटकापाशी उभे राहिलेल्या माणसाला धडधडत जाणाऱ्या इंजिनाच्या शिट्टीत हेच ऐकू येते. ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ ख्रिस्तियन डॉप्लरने या परिणामाचे गणित १८४२ मध्येच मांडले होते. सेकंदाला सुमारे आठ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या स्पुतनिकमुळे २० मेगाहर्ट्झच्या लहरीत पाचशे हर्ट्झच्या आसपास फरक पडत होता. हा फरक कानालाही जाणवावा इतका मोठा होता.

दुसरे कोणी असते तर ‘चला, उपग्रह ऐकला’ म्हणून टेप कपाटात ठेवली असती. या दोघांना मात्र त्या उताराने पछाडले. सूर ज्या क्षणी सर्वांत वेगाने उतरतो, त्या क्षणी उपग्रह आपल्या सर्वांत जवळ असतो. उतार जितका तीव्र, तितका तो जवळून गेलेला असतो. म्हणजे त्या एका वक्ररेषेत उपग्रह केव्हा, किती अंतरावरून आणि कोणत्या वाटेने गेला, हे सगळे दडलेले होते. स्पुतनिकची बॅटरी तीन आठवड्यांत संपली आणि बीप बंद पडले. तोवर नोंदी हाती आल्या होत्या. प्रयोगशाळेत नवा आलेला युनिव्हॅक संगणक त्यांनी या आकडेमोडीला जुंपला. जमिनीवर एका ठिकाणी बसून, दुर्बीण किंवा रडार न वापरता, केवळ आवाजाच्या उतारावरून त्यांनी उपग्रहाची पूर्ण कक्षा काढून दाखवली.

मार्च १९५८ मध्ये त्यांचे वरिष्ठ फ्रँक मॅक्लुअर यांनी दोघांना बोलावून एक प्रश्न विचारला. जमिनीवरची जागा माहीत असली की तुम्ही कक्षा काढता. मग उलट करता येईल का? कक्षा माहीत असेल, तर ऐकणारा कुठे आहे हे काढता येईल? गायर आणि वायफनबाख यांनी आकडेमोड केली आणि उत्तर अपेक्षेपेक्षा चांगले आले. मॅक्लुअर यांच्या डोळ्यांसमोर नौदलाच्या पाणबुड्या होत्या. पोलारिस क्षेपणास्त्र सोडायचे तर पाणबुडीला भर समुद्रात स्वतःची जागा नेमकी ठाऊक असायला हवी. त्या प्रश्नातून ट्रान्झिट ही उपग्रह दिशादर्शन यंत्रणा उभी राहिली. १९६४ पासून ती नौदलाच्या कामी आली आणि पुढे जीपीएसने तिची जागा घेतली.

मासेमारीच्या होडीशी या गोष्टीचा संबंध येतो तो प्रश्न दुसऱ्यांदा उलटा झाल्यावर. आवाज करणारी वस्तू खाली आणि ऐकणारा वर असे केले तर? समुद्रात एखादे छोटे यंत्र स्थिर कंप्रतेवर हाक मारत राहील आणि वरून जाणारा उपग्रह तिचा चढ-उतार टिपेल. उपग्रहाची कक्षा माहीत असल्यामुळे हाक मारणाऱ्याची जागा गणिताने निघेल. यात एक गोष्ट फार मोलाची आहे. बुडणाऱ्या माणसाला आपण कुठे आहोत हे माहीत असण्याची गरजच उरत नाही.

ही कल्पना प्रत्यक्षात यायला एक दुर्घटना घडावी लागली. १६ ऑक्टोबर १९७२ रोजी अमेरिकी संसदेतले बहुमत पक्षाचे नेते हेल बॉग्ज आणि अलास्काचे प्रतिनिधी निक बेगिच अँकोरेजहून जुनोकडे छोट्या विमानाने निघाले आणि वाटेत नाहीसे झाले. ३९ दिवस शोध चालला. विमान सापडले नाही, आजवर सापडलेले नाही. योगायोग असा, की आदल्याच दिवशी हौशी रेडिओवाल्यांनी बनवलेला ऑस्कर-६ हा उपग्रह अवकाशात गेला होता. पुढे कॅनडाच्या दळणवळण संशोधन केंद्राने त्याच ऑस्करचा उपयोग करून पाहिला. जमिनीवरच्या संकट-प्रेषकाचा संदेश उपग्रहामार्फत ऐकून डॉप्लरच्या आधारे जागा शोधता येते, हे त्यांनी सिद्ध केले. हौशी लोकांच्या उपग्रहाने सरकारांना वाट दाखवली.

नोव्हेंबर १९७९ मध्ये अमेरिका, कॅनडा, फ्रान्स आणि सोव्हिएत संघ यांनी लेनिनग्राडमध्ये करारावर सह्या केल्या. शीतयुद्ध ऐन भरात होते आणि महिनाभरात सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या. तरी करार मोडला नाही. ३० जून १९८२ रोजी सोव्हिएत संघाने या कामासाठीचा पहिला उपग्रह, कॉसमॉस-१३८३, सोडला. सप्टेंबरमध्ये कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात एक छोटे विमान डोंगरात कोसळले. त्याच्या प्रेषकाची हाक सोव्हिएत उपग्रहाने ऐकली, कॅनडाच्या केंद्राने जागा काढली आणि तीन माणसे वाचली. ही यंत्रणा कॉस्पास-सारसॅट या नावाने आजही चालते. तिच्यामुळे वाचलेल्यांची संख्या साठ हजारांच्या पुढे गेली आहे.

जहाजांसाठीचे यंत्र पाहिले की या शोधाची करामत कळते. सुकाणूखोलीच्या बाहेर, मोकळ्या जागी, पिवळ्या-नारिंगी रंगाचा हातभर उंचीचा डबा कंसात अडकवलेला असतो. बोट बुडाली आणि पाणी दीड ते चार मीटर चढले, की दाबाने एक पाते सुटते, पट्टा कापला जातो आणि डबा पृष्ठभागावर येतो. पाण्याचा स्पर्श होताच प्रेषक चालू होतो. दर पन्नास सेकंदांनी अर्धा सेकंद, ४०६ मेगाहर्ट्झवर, पाच वॅट शक्तीने तो हाक मारतो. बॅटरी ४८ तास टिकलीच पाहिजे, असा नियम आहे. प्रत्येक हाकेत त्या यंत्राचा स्वतःचा क्रमांक असतो.

एका फेरीत मात्र उत्तर दोन ठिकाणी निघते. उपग्रहाच्या वाटेच्या डावीकडची जागा आणि उजवीकडची जागा यांचा सूर जवळपास सारखाच येतो. पृथ्वी स्वतः फिरत असल्याने पडणाऱ्या बारीक फरकावरून यातली खरी कोणती याचा अंदाज बांधला जातो आणि पुढच्या फेरीत खात्री होते. पूर्वीची विमाने वापरत ती १२१.५ मेगाहर्ट्झची यंत्रे क्रमांक सांगत नसत आणि चकव्याच्या हाकाही फार येत. म्हणून १ फेब्रुवारी २००९ पासून उपग्रहांनी त्या हाका ऐकणे थांबवले.

एवढे सगळे हाताशी असताना मासेमारी बोटींवर हे संकट-प्रेषक यंत्र का आले नाही? उत्तर कायद्यात आहे. टायटॅनिक बुडाल्यानंतर १९१४ मध्ये समुद्रावरील सुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याचे रूप अनेकदा बदलले. १९९९ पासून मोठ्या जहाजांना संकटकालीन रेडिओ यंत्रणा सक्तीची झाली. पण त्या कराराच्या बहुतेक तरतुदींतून मासेमारी बोटी वगळलेल्याच राहिल्या. त्यांच्यासाठी १९७७ मध्ये स्पेनच्या तोरेमोलिनोस इथे वेगळा करार झाला, पण तो कधी अमलात आला नाही. १९९३ मध्ये तो सैल करून पुन्हा मांडला, तरी पुरेसे देश पुढे आले नाहीत. २०१२ मध्ये केपटाउनमध्ये तिसरा प्रयत्न झाला आणि तोही वर्षानुवर्षे सह्यांची वाट पाहत राहिला. समुद्रावरचा सर्वांत धोक्याचा धंदा करणारा माणूसच कायद्याच्या छत्रीबाहेर राहिला.

अमेरिकेतही हेच होते. ऑगस्ट १९८५ मध्ये अलास्कातल्या कोडिएक बेटाजवळ वेस्टर्न सी ही सामन मासे पकडणारी जुनी बोट बुडाली आणि सहा जण गेले. बोटीवर जीवरक्षक तराफा नव्हता, संकट-प्रेषकही नव्हता आणि यात बेकायदा काहीच नव्हते. सुट्टीत कमावायला आलेला वीस वर्षांचा एक विद्यार्थी त्या सहांत होता. त्याचे आईवडील आणि इतर मृतांचे नातेवाईक वॉशिंग्टनच्या पायऱ्या झिजवत राहिले. तेव्हा कुठे १९८८ मध्ये मासेमारी बोटींच्या सुरक्षेचा कायदा झाला आणि संकट-प्रेषक सक्तीचा ठरला. भौतिकशास्त्राला जे काही महिन्यांत जमले, ते कायद्याला जमायला तीस वर्षे लागली.

आपल्याकडे ही गोष्ट ओखी चक्रीवादळाने शिकवली. २०१७ च्या नोव्हेंबरअखेरीस कन्याकुमारीजवळ वादळ अचानक वाढले. इशारा निघाला तेव्हा केरळ आणि तमिळनाडूच्या अनेक बोटी आधीच खोल समुद्रात होत्या. तमिळनाडूतल्या तूत्तूरकडचे खलाशी तर आठवडे आठवडे बाहेरच असतात. मोबाइलचा टप्पा किनाऱ्यालगतच संपतो. बोटीवरचा व्हीएचएफ, ज्याला आपले खलाशी नुसते ‘वायरलेस’ म्हणतात, सरळ रेषेत चालतो आणि क्षितिजाआड गेलेल्या बोटीला ऐकूच जात नाही. बरेच जण परत आले नाहीत. काही बोटी वाऱ्याबरोबर उत्तरेकडे आल्या. डिसेंबरच्या सुरुवातीला ६८ बोटी आणि ९५२ माणसे सिंधुदुर्गात देवगडच्या आसऱ्याला लागली. सगळी सुखरूप होती, पण ती जिवंत आहेत हे घरच्यांना तोवर माहीत नव्हते.

इस्रोचे डॅट हे संकट-प्रेषक यंत्र २०१० पासून वापरात आहे. बोटीवर आग, बोट बुडणे, माणूस पाण्यात पडणे, औषधोपचाराची गरज असे संकटाचे प्रकार त्यात आधीच नोंदलेले असतात. बटण दाबले की बोटीची जागा उपग्रहामार्फत बेंगळुरूच्या नियंत्रण केंद्रात जाते आणि तिथून तटरक्षक दलाकडे. हे उपग्रह भूस्थिर आहेत, त्यामुळे इथे सूर उतरत नाही आणि डॉप्लरचा उपयोग नाही. जागा उपग्रह दिशादर्शनाने काढावी लागते, आणि त्याचे मूळही मॅक्लुअर यांच्या प्रश्नातच आहे. पहिल्या डॅटमध्ये एक उणीव होती. हाक पोहोचली की नाही, हे बोटीवरच्यांना कळत नसे आणि किनाऱ्याला काही सांगायचे असले तर वाट नव्हती. जानेवारी २०२४ मध्ये इस्रोने नवी पिढी आणली. तिच्यात केंद्राकडून पोच येते आणि वादळाचा इशाराही तांडेलाच्या मोबाइलवर त्याच्या भाषेत येऊ शकतो. ऑगस्ट २०२४ मध्ये पालघरला देशभरातल्या एक लाख बोटींना ट्रान्सपाँडर, म्हणजे उपग्रहामार्फत संदेश देणारी-घेणारी यंत्रे, मोफत बसवण्याच्या योजनेची सुरुवात झाली.

यंत्र मिळाले म्हणजे काम झाले असे नाही. प्रेषकाचा क्रमांक नोंदलेला नसेल किंवा बोट विकल्यावर नोंद जुन्याच नाखव्याच्या नावावर राहिली असेल, तर हाक पोहोचूनही शोध चुकीच्या दारी जातो. नोंद बरोबर असेल तर केंद्र आधी घरी फोन करून विचारते, बोट खरोखर समुद्रात आहे का? जगभरातल्या बऱ्याच हाका चुकून दाबलेल्या बटणाच्या असतात. या एका फोनमुळे खऱ्या हाकेला विमान लवकर मिळते.

पावसाळी बंदी उठायच्या आधी डिझेल, बर्फ आणि जाळी यांचा हिशेब प्रत्येक नाखवा करतोच. त्यात तीन गोष्टी वाढवाव्यात. प्रेषकाची नोंद स्वतःच्या नावावर आणि चालू फोन क्रमांकासह आहे का? बॅटरीवरची तारीख उलटली तर नाही ना? आणि यंत्र केबिनच्या कपाटात कुलपाआड आहे, की हात पोहोचेल अशा उघड्या जागी? मच्छिमार सोसायट्यांनी परवान्याच्या नूतनीकरणाबरोबर हे तपासावे. यात फारसा खर्च नाही, फक्त एक सकाळ जाते. आकाशातला कान दिवसरात्र उघडा आहे, त्याला हाक घालण्याची तयारी बोटीवरच करायची आहे.