फिरत्या बिऱ्हाडांतून कोंकण

शरद ऋतूंत कोंकणचा किनारा पाहावा असें लहानपणापासून ऐकत आलों. परंतु सहामाहीच्या उत्तरपत्रिका व दिवाळीची सुटी यांच्या ओढाताणींत तें नोकरीभर राहूनच गेलें. गेल्या आश्विनांत मात्र चिरंजीवांनीं आठ दिवसांसाठीं एक कॅरव्हॅन भाड्यानें आणली. कॅरव्हॅन म्हणजे अंथरूण, शेगडी, पाण्याची टाकी व शीतकपाट यांसह चालणारें बिऱ्हाडच. अशा गाड्यांतून होणाऱ्या पर्यटनासाठीं महाराष्ट्र सरकारनें २०२१ सालीं धोरणही आखलें आहे.

आमच्या घरांत मासा कधीं शिजला नाहीं. सूनबाई मात्र सारस्वतांची. लग्नास अकरा वर्षें झालीं. एवढ्या काळांत तिनें तो विषय एकदांही काढला नाहीं, आणि मींही विचारलें नाहीं. निघण्यापूर्वीं चिरंजीव भीत भीत म्हणाले, “बाबा, समुद्रकाठीं तिला एकदोन वेळां मासे करूं द्यावे काय?” मी म्हणालों, “करूं दे. पण शेगडी बाहेर मांडावी.” हा निवाडा त्या वेळीं मला फार उदार वाटला होता.

ताम्हिणी घाट उतरून माणगांव, महाड, खेड करीत आम्ही दापोलीस पोंचलों. दुतर्फा भात पिवळें पडूं लागलें होतें, आणि झाडांच्या फांद्या गाडीच्या टपाला घासत होत्या. आपलें बिऱ्हाड इतकें उंच आहे हें पुण्यांत लक्षांत आलें नव्हतें.

दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं हर्णैचा बाजार पाहिला. वाचकांपैकीं ज्यांस मासळीचा तिटकारा असेल त्यांनींही तो दुरून कां होईना पाहावा. पश्चिम किनाऱ्यावर १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांस मासेमारीची मनाई असते; तो पुष्कळशा माशांचा विणीचा काळ, आणि समुद्रही खवळलेला. नारळी पौर्णिमेस सागराची पूजा होते, होड्या पाण्यांत लोटल्या जातात, आणि आश्विनांत आकाश निवळलें म्हणजे बाजार खऱ्या अर्थानें भरतो. समोर पाण्यांत सुवर्णदुर्ग उभा. होड्या खोल पाण्यांत नांगरलेल्या. आणि त्यांच्यापासून काठापर्यंत मासळी आणण्यास बैलगाड्या थेट लाटांत घातलेल्या! बैल पोटापर्यंत पाण्यांत शांतपणें उभे होते. वाळूवर पापलेट, सुरमई, कोळंबी यांचे ढीग पडतात, भोंवतीं कोंडाळें जमतें, आणि कांहीं क्षणांत लिलाव आटोपून बर्फाच्या पेट्या भरूं लागतात. आपणांसारख्या घरगुती गिऱ्हाइकानें त्या गर्दींत न शिरतां कडेला टोपली घेऊन बसलेल्या कोळिणीकडून घ्यावें हें बरें.

अशाच एका मावशींपाशीं सूनबाई बसली. तिचा चेहरा मीं असा खुललेला क्वचित् पाहिला होता. मेघदूत शिकवितांना ‘शफर’ हा शब्द आला म्हणजे ‘एक चपळ लहान मासा’ एवढें सांगून मी तीस वर्षें पुढें जात आलों. तो कसा दिसतो हें मला ठाऊक नव्हतें. म्हणून टोपलींतील एका लहान, रुपेरी माशाचें नांव विचारलें. “मुडदुशी,” मावशी म्हणाल्या, “पण काका, नांव मागाहून विचारा. आधीं डोळा बघा, कल्ला बघा.” डोळा स्वच्छ व फुगीर हवा, कल्ल्याखालीं तांबडेंलाल हवें, आणि बोटानें दाबलें असतां खळगा राहतां कामा नये. कालिदासाचा शफर नदींतला, ही मुडदुशी खाऱ्या पाण्यांतली. तरीही ती चकाकी पाहून कवीला काय दिसलें असेल याची थोडी कल्पना आली.

पुढें दाभोळहून धोपाव्यास फेरीबोटीनें गाडीसकट खाडी ओलांडली. २००३ मध्यें ही सोय झाली. एरव्हीं चिपळूणवरून केवढा तरी वळसा पडतो. गुहागरास व्याडेश्वराचें दर्शन घेतलें. त्या दिवशीं सूनबाईनें न सांगतां आमटीभात केला.

तवसाळची खाडी उतरून जयगडास मुक्काम केला. तेथें सूनबाईनें बाहेर कनातीखालीं बांगड्याचें तिखलें शिजत घातलें होतें. तिरफळांचा वास सुटला असतांनाच अकस्मात् वीज कडाडली, आणि आश्विनांतला तो उभा पाऊस कनात उलथून टाकूं लागला. सूनबाई पातेलें घेऊन भिजत उभी होती. “असूं द्या बाबा, टाकून देतें,” ती म्हणाली. मुलें खिडकींतून पाहत होतीं. मीं दार उघडलें व म्हटलें, “आंत आण.”

दहा हात लांबीच्या त्या घरांत वास रात्रभर राहिला. मी दहीभात खाल्ला. नातवानें विचारलें, “आजोबा, तुम्हांला वास येतो का?” मी म्हणालों, “येतो.” सूनबाई मान खालीं घालून जेवत होती; पण दुसऱ्यांदा भात मागून घेतला.

सकाळीं ती धक्क्यावर निघाली तेव्हां पिशवी धरावयास मी बरोबर गेलों. कल्ले उचलून पाहण्याचें काम तिनें मजकडे दिलें.