शिकारी पक्षी ओळखताना रंग शेवटी पाहा

ताडोबा, पेंच किंवा मेळघाटात टिपलेल्या शिकारी पक्ष्याचा फोटो दिसला की आपली नजर आधी रंगावर जाते. माझ्या मते रंगाचा नंबर शेवटचा. मधुबाजाचंच पाहा: एक गडद तपकिरी, दुसरा जवळजवळ पांढरा, तिसरा पट्टेदार, तरी जात एकच. बदलत नाही ती ठेवण. लांबट मानेवर कबुतरासारखं लहान डोकं, आणि चोच ते डोळा या भागात खवल्यांगत बारीक, दाट पिसं. मधमाश्यांच्या डंखापासून ती त्याला वाचवतात. मोरघारीचे पाय बोटांपर्यंत पिसांनी झाकलेले, सर्पगरुडाचे पिवळे पाय उघडे. तुरा दोघांनाही असतो, पण पाय पाहिले की घोळ संपतो.

कुणी म्हणेल, सर्पगरुड तर रंगावरूनच ओळखू येतो. प्रौढ पक्ष्याबाबत हे खरं आहे. उडताना पंखांखालचा रुंद पांढरा पट्टा लपत नाही. पण अप्रौढ सर्पगरुड फिकट, पांढुरका असतो आणि तिथेच त्याला मोरघार समजलं जातं. दुसरा आक्षेप असा, की झाडीत, उजेडाविरुद्ध तपशील येतोच कुठे? म्हणूनच ठेवण महत्त्वाची: काळ्या आकृतीतही डोक्याचा आकार आणि शेपटीची लांबी दिसते. मागे आकाश असेल तर एक्स्पोजर एखादा स्टॉप वाढवा आणि चेहऱ्याइतकेच पायांचेही फोटो घ्या. घरट्याजवळ मात्र कॅमेरा नेऊच नका. आपल्या फोटोपेक्षा त्यांची वीण मोलाची आहे.

ओळख अडली असेल तर फोटो टाका, शक्यतो पाय दिसतील असा. मिळून ओळखू.