एक पाव, तीन कुळं

नांदगाव पेठेतल्या एखाद्या किराणा दुकानात गिऱ्हाईक सांगतं, "भाऊ, पाव किलो शेव द्या अन् सहा पाव द्या." दुकानदार जराही न अडखळता आधी तराजूकडे आणि मग पावाच्या लादीकडे वळतो. त्यात देवाला घातलेलं 'पाव रे बाबा' हे साकडं मिळवलं, की पाव तीन होतात. तिन्हींचा उच्चार एक, पण मूळ वेगवेगळं.

वजनातला पाव संस्कृत 'पाद'पासून आला. चार पायांतला एक पाय, म्हणजे चौथा हिस्सा. प्राकृतात दोन स्वरांमधला 'द' गळाला आणि त्या जागी कुठे 'य' आला, कुठे 'व'. म्हणून आपले पाय आणि पाव सख्खे भाऊ आहेत. 'सपाद' म्हणजे पावासह, त्याचा सव्वा झाला. पावाने उणा तो पाऊण. पाढे म्हणताना आपण रोज हा पाद उच्चारत होतो!

देवाचं पावणं 'प्राप्' धातूचं. 'प्र'चा 'प' झाला आणि पुढच्या 'प'चा 'व'. दीपाचा दिवा आणि कपाटाचं कवाड याच रीतीने झालं.

बेकरीतला पाव मात्र परका. 1510 साली पोर्तुगीजांनी गोवा घेतला. भाकरीसाठीचा त्यांचा नाकात उच्चारला जाणारा शब्द लॅटिन 'पानिस'पासून आलेला. त्याच पानिसपासून झालेला फ्रेंच शब्द इंग्रजी 'पेन'सारखाच, अक्षरन् अक्षर तोच लिहितात. फ्रेंच माणूस तो 'पँ' असा वाचतो आणि त्याला ब्रेड आठवतो, इंग्रजाला वेदना. इंग्रजी शब्दाचं मूळ लॅटिन 'पोएना', म्हणजे दंड. पोर्तुगीजांमुळेच जपानी लोक ब्रेडला 'पान' म्हणतात. आपलं पान 'पर्णा'चं.

पीठ पायांनी तुडवत म्हणून पाव, असं अनेकजण ठामपणे सांगतात. ही गोष्ट चुकीची आहे. पायाशी नातं असतं, तर जपानी 'पान' कुठून आलं असतं? नुसतं रूप जुळणं हा पुरावा नव्हे. तोच ध्वनिबदल इतर शब्दांतही दिसावा लागतो, आणि शब्द कोणत्या वाटेने आला तेही जुळावं लागतं.

कृ. पां. कुलकर्णी यांचा 'मराठी व्युत्पत्ति कोश' 1946 साली प्रसिद्ध झाला. शब्दाच्या जन्माची अशी सुरस कथा मोबाइलवर आली, तर पुढे पाठवण्याआधी तो कोश जरूर उघडून पाहा.