क्रेम: चुनखडकाच्या पोटातला अंधार

मेघालयात कोणाच्याही घरी पाऊल ठेवलं की आधी क्वाइ पुढे येते. विड्याच्या पानाचा तुकडा, त्यावर चुन्याचं बोट आणि सुपारीची फोड. पानातला हा चुना तिथल्या डोंगरातूनच येतो. अठराव्या शतकाच्या अखेरीस सिल्हेटला ईस्ट इंडिया कंपनीचा कलेक्टर असलेला रॉबर्ट लिंडसे याच डोंगरांतल्या चुन्याच्या व्यापारावर गब्बर झाला. हा ‘सिल्हेटी चुना’ नावांमधून बंगालभर जाई आणि कलकत्त्याच्या भिंतींत मुरे. आज हाच खडक सिमेंटच्या भट्टीत जातो. पण या सगळ्याच्या कितीतरी आधीपासून डोंगराच्या आतूनही कोणी तरी हा चुना नेत होतं, आणि तेही लाखो वर्षं. ते म्हणजे पाणी.

साधारण पाच-साडेपाच कोटी वर्षांपूर्वी इथे उथळ समुद्र होता. त्यातल्या जिवांचे शंख-शिंपले साचून चुनखडक तयार झाला, पुढे जमीन वर आली आणि समुद्राचा तळ डोंगर झाला. त्यावर पाऊस पडू लागला, आणि पाऊस म्हणजे काय, तर सोहरा म्हणजे आपल्या पुस्तकातलं चेरापुंजी. ऑगस्ट १८६० ते जुलै १८६१ या बारा महिन्यांत तिथे २६ हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस नोंदला गेला. झाडोऱ्याखालच्या मातीतून झिरपताना पाणी कार्बन डायऑक्साइड शोषतं आणि अगदी सौम्य आम्ल होतं, साधारण सोडा-वॉटरच्या जातीचं. ग्रॅनाइटला त्याचं फारसं काही वाटत नाही, चुनखडक मात्र विरघळतो. केसाएवढी फट बोटाएवढी होते, मग त्यातून ओढा वाहतो, आणि एक दिवस अख्खी नदी जमिनीत गडप होते ती कित्येक किलोमीटर पलीकडे वर येते. अशा भूप्रदेशाला कार्स्ट म्हणतात. तिथे डोंगरावरचा ओढा शोधायचा तर डोंगराच्या पोटात शिरावं लागतं.

मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर गुहा म्हटलं की अजिंठा-वेरूळ येतं, आणि ते रास्तच आहे. आपला काळा पाषाण पाण्यात असा विरघळत नाही, म्हणून आपल्याकडे डोंगर पोखरण्याचं काम छिन्नीने केलं. मेघालयात ते पाण्यानेच केलं. तिथल्या खासी भाषेत गुहेला ‘क्रेम’ म्हणतात. क्रेमला कारागीर नसतो, आराखडाही नसतो. कुठे विमान मावेल असं दालन लागतं, तर दहा पावलांवर छातीएवढी भेग, तीही कमरेएवढ्या थंडगार पाण्यात.

या अंधाराची शास्त्रीय दखल जुनी आहे. १९२२ साली प्राणिशास्त्रज्ञ स्टॅन्ली केम्प आणि बी. चोप्रा यांनी गारो डोंगरातल्या सिजू गुहेत मुक्काम ठोकून तिथले जीव टिपले. शंभराहून अधिक प्रकारच्या प्राण्यांची ती नोंद आजही संदर्भ म्हणून चाळली जाते. त्यानंतर मात्र बराच काळ सामसूम होती. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला शिलाँगच्या ब्रायन खारप्राण डेली यांच्या मेघालय अ‍ॅडव्हेंचरर्स असोसिएशनची आणि ब्रिटिश गुहाशोधकांची गाठ पडली, आणि १९९२पासून मोहिमांचा सिलसिला लागला. हंगाम ठरलेला: फेब्रुवारीच्या आसपास, पाणी ओसरलेलं असताना. पावसाळ्यात याच वाटा छतापर्यंत भरतात.

मोहीम म्हटली की दोर, हेल्मेट, थरार असं चित्र उभं राहतं. तेही असतं, पण खरं काम तलाठ्याच्या मोजणीसारखं चिकाटीचं आणि बरंचसं कंटाळवाणं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अंतर घ्यायचं, दिशा घ्यायची, चढ-उताराचा कोन घ्यायचा, भिंतींची रुंदी मांडायची आणि पुढे सरकायचं. पूर्वी टेप आणि होकायंत्र होतं, आता हातात मावणारं लेझर यंत्र आहे. चिखल मात्र तोच. अशा मोजणीतून आजवर हजाराहून अधिक गुहा पाहून झाल्या आहेत आणि जवळपास पाचशे किलोमीटर लांबीचे नकाशे तयार झाले आहेत. जैंतिया डोंगरातली क्रेम लियात प्राह एकटीच तीस किलोमीटरहून लांब आहे. मॉसिनरामजवळची क्रेम पुरी तर चुनखडकातली नव्हेच, वालुकाश्मातली आहे. २०१८ साली तिची मोजणी साडेचोवीस किलोमीटरवर गेली, आणि वालुकाश्मातली जगातली सर्वांत लांब ज्ञात गुहा म्हणून ती गाजली.

तरीही मेघालयाचं नाव जगाच्या कालगणनेत कोरलं गेलं ते एका लहानशा दगडामुळे.

गुहेच्या छतातून ठिबकणाऱ्या पाण्यात विरघळलेला चुना असतो. थेंब मोकळ्या हवेत आला की त्यातला वायू निसटतो आणि चुना मागे राहतो. बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या गीझरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो, तोच हा प्रकार. भूगोलाच्या पुस्तकाने याला लवणस्तंभ असं नाव दिलं आणि मिठाशी काडीचा संबंध नसताना ते पिढ्यान्‌पिढ्या पाठ झालं. जमिनीवरून वर वाढणाऱ्या अशा स्तंभात थरावर थर चढत जातात. थराचं वय युरेनियम आणि थोरियम यांच्या प्रमाणावरून काढता येतं. पावसाची खूण ऑक्सिजनमध्ये असते: मोसमी पाऊस जोरदार असला की पाण्यात जड ऑक्सिजनचं प्रमाण घटतं, रोडावला की वाढतं. म्हणजे दगडात हवामान खात्याची वही, फक्त खातं सुरू होण्याच्या हजारो वर्षं आधीची.

सोहराजवळच्या मॉमलू गुहेतल्या अशा एका स्तंभाने सुमारे ४,२०० वर्षांपूर्वी मोसमी पाऊस ढासळल्याचं दाखवलं. त्याच सुमाराची कोरडी चाहूल जगात इतरत्रही मिळाली होती. जून २०१८मध्ये भूशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने पृथ्वीच्या चालू कालखंडाला ‘मेघालयन’ हे नाव दिलं आणि त्याच्या आरंभाची खूण म्हणून हाच स्तंभ नेमला. तुम्ही-आम्ही सगळे सध्या मेघालयन काळात जगतो. या निवडीवर वादही झडले. त्याच गुहेतल्या आणखी बारकाईने वय काढलेल्या दुसऱ्या नमुन्यांनी असं सुचवलं की पाऊस एका झटक्यात रुसला नव्हता, दशकानुदशकं टिकणारे दुष्काळ एकामागून एक आले होते. सिंधू संस्कृतीची नगरं याच दुष्काळाने ओस पडली, हे वाक्य भाषणात टाळ्या घेतं. पुरावा तेवढा सरळ नाही. २०२२ साली मॉमलू गुहा जगातल्या पहिल्या शंभर भूवारसा स्थळांच्या यादीत आली.

वारशाचा शिक्का बसला म्हणून सुरुंग थांबतात असं नाही. या पट्ट्यात चुनखडकाच्या खाणी आहेत, सिमेंटचे कारखाने आहेत आणि जोडीला कोळसाही. माणूस जेमतेम सरपटू शकेल अशा ‘रॅट-होल’ खाणींवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१४मध्ये बंदी घातली. कोळशाच्या थरातल्या गंधकातून तयार होणारं आम्ल ओढ्यांत उतरतं, आणि चुनखडकात ओढा तर गुहेतच जातो. विहिरीत उतरणारं पाणी वाळूतून गाळून येतं. कार्स्टमध्ये ही चाळणी नसते, वर पडलेली घाण थेट खालच्या झऱ्यात पोचते. जैंतिया डोंगरातली लुखा नदी हिवाळ्यात विषारी निळी पडते, हे तिथल्यांना पाठ झालंय. शिवाय मेघालयात जमीन बहुतेक सरकारची नाही, कुळांची, गावांची आणि व्यक्तींची आहे. गुहा वाचवायची तर अधिसूचनेआधी गावाच्या दरबारात, म्हणजे गावसभेत, बसून बोलावं लागतं.

आणि तिथे मोजणीचा कागद कामाला येतो. नकाशावर नसलेली गुहा खाणीच्या परवान्याआड येत नाही, कारण कागदोपत्री तिथे भरीव डोंगरच असतो. कंटाळवाणी मोजणी हेच तिथलं पहिलं संरक्षण आहे, ते एवढ्यासाठी.

आत काय गमावू शकतो याचा एक नमुना क्रेम उमलाडॉच्या डबक्यांत पोहतो आहे. रंग उडालेला, डोळे जवळजवळ नाहीसे झालेला, महसीरच्या नात्यातला हा मासा चाळीस सेंटिमीटरपर्यंत वाढतो. जमिनीखाली राहणाऱ्या ज्ञात माशांत एवढा मोठा दुसरा नाही. अंधारात खायला मिळण्याची मारामार, तिथे हा इतका पोसतो कशावर, हे कोडंच आहे. पावसाळ्यात वरून वाहत येणारा पाला-पाचोळा हे त्याचं एक संभाव्य उत्तर. शोधकांच्या नजरेस तो १९९०च्या दशकातच पडला होता, पण स्वतंत्र जात म्हणून नाव मिळायला २०२३ उजाडलं. ते नाव जैंतिया डोंगरातल्या प्नार लोकांवरून ठेवलंय: निओलिसोकायलस प्नार.

गुहांच्या नकाशात वाट जिथे पुढे जाते पण मोजायची राहिली, तिथे प्रश्नचिन्ह काढायची रीत आहे. मेघालयाच्या नकाशांवर अशी चिन्हं ढिगाने आहेत, आणि पुढच्या फेब्रुवारीत त्यांतल्याच एखाद्यापासून मोजणी पुन्हा सुरू होते.