दुखत नाही, म्हणजे काही नाही?

मंडळी, तत्त्वज्ञानाच्या माणसाने ढाणकीत येऊन डोळ्यावर बोलावे, याचे कुणाला नवल वाटेल. पण मृगाच्या आधी वखराची पास पाजवायला भात्यापाशी आपण सारेच बसलो आहोत. घणाखालून बारीक कपची उडते, डोळ्यात टोचते, पाणी येते आणि थांबते. माणूस म्हणतो, "दुखत नाही, म्हणजे निघाली." आम्हाला बोलायचे आहे ते या 'म्हणजे'वर.

आपल्या दर्शनकारांनी इथे एक अट घातली आहे. वस्तू असती तर ती जाणवलीच असती, अशी स्थिती असेल तरच 'जाणवत नाही' यावरून 'नाही' म्हणता येते. आता बघा, डोळ्याच्या आतला पडदा, म्हणजे दृष्टिपटल. त्याला वेदना कळतच नाही. मग न दुखण्याने काय सिद्ध झाले? काहीच नाही.

वेगाने आलेली कपची डोळा भेदून आत राहते. पहिले भय जंतूंचे. ते टळले तरी लोखंड हळूहळू विरघळते, त्यातून विषारी रेणू तयार होतात आणि ते प्रकाश टिपणाऱ्या पेशी मारतात. काही महिन्यांनी, कधी वर्षांनी, रात्रीचे दिसेनासे होते, बाजूची नजर आकसते, बुबुळाभोवतीचा रंग तांबूस होतो. याला सायडरोसिस म्हणतात. तांबे तर याहून घाई करते. शुद्ध तांब्याने काही तासांत-दिवसांतच डोळा पेटतो. काच मात्र बहुधा निमूट पडून राहते.

ही हानी मोजता येते. डोळ्याला तार लावून प्रकाशाचा झोत टाकला, की पडदा विजेची लाट उठवतो. हाच इलेक्ट्रोरेटिनोग्राम, 1945 साली स्वीडनच्या कार्पे यांनी तो दवाखान्यात रुळवला. लोखंडाने ही लाट खुजी होत जाते, पुष्कळदा नजर मंदावण्याआधीच. कपची वेळेत काढली तर लाट काहीशी सावरते. पार विझली तर परत येणे कठीण.

म्हणून डोळा चोळू नका, दाबू नका, कपची स्वतः उपसू नका. त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा आणि "लोखंडावर लोखंड ठोकत होतो" हे आवर्जून सांगा. एक्स-रे किंवा सीटी स्कॅन होईल. एमआरआय मात्र नको; त्याच्या चुंबकाने कपची आतच सरकते.

आणि भात्यापाशी बसताना चष्मा लावा. घण मारणाऱ्यालाही द्या आणि पास धरून बसलेल्या पोरालाही.