बारावी कोणत्या सालची?

हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा झाला 1 मे 1999 रोजी. त्या सुमारास बारावी झालेल्या पोरांना घरोघरी एकच सल्ला मिळे: डीएड करून टाक. दोन वर्षांत गुरुजी. 2000 साली शिक्षण सेवक योजना आली. प्राथमिकच्या नव्या शिक्षकाने तीन वर्षं महिना 3,000 रुपयांवर काढायची, मग कायम. मानधन तुटपुंजंच, पण पावसावर भिस्त असलेल्या घरात ठरल्या तारखेला येणाऱ्या पैशाचं मोल वेगळं. सोयरिकीत मुलगा डीएड आहे म्हटलं की पुढची बोलणी सोपी होत. पोराला शिकवायची आवड आहे का, हे कुणी विचारत नसे. खरं सांगायचं तर विचारायला पर्याय तरी कुठे होते?

मे 2012 मध्ये सरकारने शिक्षकभरतीला खीळ घातली. पुढे डिसेंबर 2013 मध्ये पहिली शिक्षक पात्रता परीक्षा (टीईटी), डिसेंबर 2017 मध्ये अभियोग्यता चाचणी, मग भरतीचं पवित्र पोर्टल. एकाच घरातला थोरला 2004 साली डीएड झाला तर शाळेवर रुजू होऊन मोकळा. धाकटा 2012 साली झाला तर तीच पदविका फाइलमध्ये घालून जाहिरातीची वाट पाहत बसला. थोरल्याने लाइन बरोबर धरली आणि धाकट्याची चुकली, असं गावात बोललं जातं. लाइन दोघांचीही एकच होती.

2016 मध्ये राज्यभर दहावीची कलचाचणी सुरू झाली. कृषी, वाणिज्य, ललित कला, आरोग्य अशी एकूण सात क्षेत्रं. त्यातलं एक ‘गणवेशधारी सेवा’. हिंगोलीच्या पोरांना हे समजावून सांगावं लागत नाही. राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक 12 इथलाच. भरती निघाली की पहाटे रस्त्याच्या कडेने पोरं-पोरी धावताना दिसतात. कुणाच्या हातात मोबाइलवर चालू ठेवलेलं स्टॉपवॉच, कुणी पडीक रानात गोळा फेकतंय. मुलांना जिल्हा पोलिसासाठी 1,600 मीटर, राखीव बलासाठी 5 किलोमीटर. ग्राउंड निघालं तर लेखी अडते, लेखी निघाली तर मेरिट वर जातं. कल काय ते चाचणी सांगे. यंदा जागा किती, हे तिच्या हातातच नव्हतं.

त्या सातांतल्या ‘कृषी’वर मात्र बापच काट मारतो. आणि हा जिल्हा हळदीचा! हळद उन्हाळ्याअखेर लावायची, आठ-नऊ महिन्यांनी काढायची, कुकरमध्ये शिजवायची, वाळवायची, ड्रममध्ये पॉलिश करायची, तेव्हा कुठे मोंढ्यात पोतं लागतं. तिथे व्यापारी कांडी मोडून आतला रंग बघतो आणि बोली लावतो. पुढची तपासणी, दळण, पॅकिंग, निर्यात या कामांतच खरा पैसा, पण करिअर मार्गदर्शनाच्या भाषणांत ती ऐकू येत नाहीत. वसमतला हळद संशोधन केंद्र झालं, 2024 मध्ये वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळालं. तरी हळदवाल्याचा पोरगा स्पर्धा परीक्षेसाठी पुण्यात. त्याला दोष देववत नाही. भाव पडलेलं साल त्याने जवळून पाहिलेलं असतं.

औंढ्याजवळ दुधाळ्याच्या माळावर गुरुत्वीय लहरींची वेधशाळा होणार, याला तत्त्वतः मान्यता फेब्रुवारी 2016 मध्ये मिळाली. केंद्रीय मंत्रिमंडळाने 2,600 कोटी रुपये मंजूर केले एप्रिल 2023 मध्ये. 2016 ची बातमी वाचून दहावीत भौतिकशास्त्राचं मनावर घेतलेला मुलगा तोवर पदवीधर होऊन बसला असेल.

डॉक्टरकीचं गणित तर सरळ सरकारी सूत्राचंच होतं. 70:30 च्या नियमाने 70 टक्के जागा त्या-त्या विभागातल्या मुलांना, आणि मराठवाड्यात महाविद्यालयंच कमी. म्हणजे सारखेच गुण असूनही इथल्या मुलाची वाट अरुंद. सप्टेंबर 2020 मध्ये ते सूत्र गेलं. 2024 मध्ये हिंगोलीतच 100 जागांचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. प्रवेश अर्थात नीटच्या गुणांवर. म्हणून महाविद्यालय गावात येऊनही अकरावीच्या पोरांसाठी खोली शोधायला आईबाप जातात ते लातूर-नांदेडलाच.