काम काय, ते आधी सांगा

सकाळी साडेदहा

ग्रँट रोड स्टेशनवरून पूर्वेला बाहेर पडलं की थोडं चालून आमचं दुकान. पाटीवर रस्त्याचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, गिऱ्हाइकांच्या तोंडी मात्र लॅमिंग्टन रोडच. शटर वर गेलं, अगरबत्ती लावली की मी भाव विचारायला फोन घेऊन बसतो. प्रोसेसरचे भाव तसे शांत असतात. रॅमचं तसं नाही. २०२५ संपता संपता मेमरीचे भाव असे चढले की आदल्या दिवशीचं कोटेशन पाळणंही जड जातं. एआयच्या डेटा सेंटरांकडे मेमरी वळली आणि घरगुती पीसी घेणाऱ्याला त्याचा फटका बसला. आधी लोक प्रोसेसर ठरवायचे आणि उरलेल्या पैशांत रॅम घ्यायचे. आता कुठली रॅम परवडते, किंवा घरात कुठली पडून आहे, यावरून प्रोसेसर ठरवावा लागतो.

सव्वाअकरा

भवानीला मुलुंडचे एक काका आले. टॅली, एक्सेल आणि जीएसटीची रिटर्न भरणं, एवढंच काम. हातात कुणीतरी दिलेलं कोटेशन होतं : आय-सेव्हन, सोळा जीबी, भाव आमच्या आय-थ्रीपेक्षाही कमी. मी त्यांना पूर्ण मॉडेल नंबर विचारला. त्यांनी फोन करून विचारून घेतला. आय-सेव्हन २६००.

हा प्रोसेसर २०११चा. चार कोअर, आठ थ्रेड. आज आय-थ्री १२१००मध्येही चार कोअर आणि आठ थ्रेडच आहेत, पण तेवढ्याच कोअरमध्ये तो कितीतरी वेगाने काम उरकतो. इंटेलच्या या जुन्या पद्धतीच्या नंबरात शेवटचे तीन आकडे सोडले की पुढे उरते ती पिढी : २६०० म्हणजे दुसरी, १२१०० म्हणजे बारावी. विंडोज ११ला इंटेलची आठवी किंवा त्यापुढची पिढी लागते आणि विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. ज्या मशीनवर लोकांचे पॅन नंबर आणि बँकेचे व्यवहार उघडायचे, त्यात हे चालवून घेण्यासारखं नाही. काकांना मी आय-फाइव्हही सुचवला नाही. आय-थ्री १२१००, आतलं ग्राफिक्स असलेला, आणि बरी एसएसडी. जुने आय-सेव्हन नवे म्हणून खपवणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. अशा मशीनवर पैसे घालवणारा माणूस बहुधा तो असतो, ज्याला पाच वर्षांत दुसरं मशीन घेणं जमणार नसतं.

पाऊण वाजता

कल्याणहून एक दादा आले. लग्नाचं शूटिंग आणि एडिटिंग करतात. सीझन तोंडावर. आत्ताचा पीसी रायझन फाइव्ह २६०० आणि बत्तीस जीबी डीडीआर-४चा. "रायझन फाइव्ह ७६०० द्या, सगळे तोच चांगला म्हणतात," म्हणाले. चांगला आहेच. पण मी विचारलं, कॅमेऱ्यातून फुटेज कुठल्या फॉरमॅटमध्ये येतं? त्यांनी मोबाइलवर सेटिंग दाखवली : एच.२६५, टेन-बिट, ४:२:२.

इथे सगळं गणित फिरतं. हे फुटेज टाइमलाइनवर चालवायचं तर प्रत्येक फ्रेम उलगडावी लागते. तो भार उचलायला चिपमध्ये खास तजवीज असेल तर सगळं सुरळीत चालतं. नसेल तर कोअर घाम गाळत बसतात, टाइमलाइन अडकते आणि माणूस रात्रभर प्रॉक्सी फाइली बनवत बसतो. या फॉरमॅटसाठी ती तजवीज इंटेलच्या आतल्या ग्राफिक्समध्ये अकराव्या पिढीपासून आहे, क्विक सिंक म्हणतात ती. ७६००च्या आतल्या ग्राफिक्सला हा फॉरमॅट झेपत नाही. एनव्हिडियाच्या कार्डांत ही सोय आरटीएक्स ५० मालिकेपासून आली आणि दादांकडे कार्ड जुनं जीटीएक्स १६६०.

त्यामुळे आय-फाइव्ह १४५००. सहा मोठे कोअर, आठ छोटे, वीस थ्रेड. नंबरामागे 'एफ' नको, कारण एफवाल्यात आतलं ग्राफिक्स बंद असतं आणि आपण पैसे त्याचेच मोजतोय. १२४०० स्वस्त पडला असता, पण त्यात यूएचडी ७३० येतं, व्हिडिओ उलगडणारं एकच इंजिन असलेलं. १४५००मधल्या यूएचडी ७७०मध्ये अशी दोन आहेत. एडिटिंगवर पोट असणाऱ्याने हा फरक सोडू नये.

बोर्ड आम्ही डीडीआर-४चा निवडला. १२, १३ आणि १४ या पिढ्यांना दोन्ही रॅम चालतात, बोर्ड ज्या रॅमचा घ्याल ती. म्हणजे दादांची बत्तीस जीबी तशीच नव्या मशीनमध्ये जाणार. ७६०० घेतला असता तर डीडीआर-५ सक्तीची आणि आजच्या भावात नव्याने बत्तीस जीबी. एक गोष्ट त्यांना स्पष्ट सांगितली : या सॉकेटचा रस्ता इथे संपतो. ऑक्टोबर २०२४पासून इंटेलने डेस्कटॉपसाठी नवं सॉकेट आणलंय, त्यामुळे पुढे प्रोसेसर बदलायचा तर बोर्डही बदलावा लागेल. दादा म्हणाले, "चार सीझन निघाले की मशीन फिटलं." व्यवहार ठरला.

अडीच

डबा. मग पोटमाळ्यावर असेंब्ली. आज रायझन फाइव्ह ७६००चं एक मशीन बांधायचंय. या एएम-५ सॉकेटमध्ये पिना बोर्डावर असतात. आधीच्या एएम-४मध्ये त्या प्रोसेसरच्या पोटाला असायच्या, आणि कूलर सरळ वर ओढला तर सुकलेल्या पेस्टला चिकटून प्रोसेसरही उपटून यायचा. म्हणून घरी जुना रायझन खोलणाऱ्याने आधी मशीन थोडं तापू द्यावं, मग कूलर हलकेच फिरवत सोडवावा.

नवं मशीन पहिल्यांदा चालू केलं की काही मिनिटं स्क्रीन काळीच राहते. बोर्ड रॅमशी जुळवून घेत असतो. घरी जोडणारे तेवढ्यात घाबरून बटण दाबतात. दाबू नका, थांबा.

पाच

डोंबिवलीहून एक ताई आणि इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाचा मुलगा. मुलाला रायझन सेव्हन ७८००एक्स३डी हवा. गेमिंगसाठी प्रोसेसर उत्तमच आहे, ९६ एमबी कॅश, आठ कोअर. पण त्याचा मॉनिटर १०८०पी आणि बजेटमध्ये बसणारं कार्ड मधल्या दर्जाचं. अशा जोडीत बहुतेक गेममध्ये फ्रेम अडतात त्या कार्डाशी, महागडा प्रोसेसर नुसता वाट बघत राहतो. शिवाय त्याच्या डब्यात कूलर येत नाही, तो वेगळा घ्यायचा. ७६००च्या डब्यात येतो आणि पुरतो. कोडिंगला सहा कोअर, बारा थ्रेड भरपूर आहेत. वाचलेले पैसे आम्ही कार्डाकडे वळवले.

"पण हा चार वर्षं टिकेल ना?" ताईंनी विचारलं. हा प्रश्न मला दिवसभरात सगळ्यात महत्त्वाचा वाटला. टिकेलच, आणि पुढची वाटही मोकळी आहे. २०१७मध्ये घेतलेल्या बऱ्याच एएम-४ बोर्डांवर बायोस अपडेट करून २०२२चा ५८००एक्स३डी बसला. एएम-५ला निदान २०२७पर्यंत सपोर्ट देण्याचं एएमडीने जाहीर केलंय. म्हणजे मुलगा कमावता झाला की तो एक्स३डी याच बोर्डावर बसवेल, स्वतःच्या पैशांनी. मुलाचा चेहरा थोडा उतरला होता, पण कार्डाचं नाव ऐकून खुलला.

साडेसात

सांगलीहून फोन. आय-फाइव्ह १२४००एफचा 'ट्रे पीस' स्वस्त मिळतोय, घेऊ का? ट्रे म्हणजे डबा नाही, कूलर नाही, आणि वॉरंटी विकणाऱ्याच्या शब्दावर. कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी डब्याबरोबर येते. शिवाय एफ आहे, कार्ड घेणार नसाल तर मॉनिटरवर चित्रच येणार नाही. त्यांच्याकडे कार्ड नव्हतं. साधा १२४००, डबाबंद, उद्याच्या कुरिअरने जाईल.

नऊ

शटर खाली. तुम्ही येणार असाल तर कागदावर प्रोसेसरचं नाव लिहून आणू नका. रोज कुठली सॉफ्टवेअर उघडता, मॉनिटर कुठला आहे, घरात जुनी रॅम किंवा कार्ड आहे का आणि एकूण किती रुपये घालायचेत, एवढं लिहून आणा. बिल जीएसटीचंच मागा, त्यावर प्रोसेसरचा पूर्ण नंबर, मागच्या अक्षरासकट, लिहून घ्या आणि डबा जपून ठेवा. रविवारी बाजार बंद असतो.